खाणीतल्या आजोबांचा माग काढायचा तर आधी त्यांची टोळी शोधा

तुमचा प्रश्न असा आहे. आजोबा बल्लारपूरकडच्या एका कोळसा खाणीत होते. कधी लागले ते ठाऊक नाही, १९७८ च्या आसपास निवृत्त झाले. आजीसुद्धा खाणीत ‘खाली’ जायची, असं आत्या सांगते. मूळ गाव कुठलं यावर घरात एकमत नाही. कोणी बिलासपूर म्हणतं, कोणी रायपूर. खाणीच्या ऑफिसात विचारलं तर ‘जुनं रेकॉर्ड नाही’ म्हणून वाटेला लावलं. आता पुढे कसं जायचं?

माझी सगळी नोकरी कोळसा खाणींच्या कार्मिक विभागात गेली, बराच काळ कल्याण अधिकारी म्हणून. निवृत्तीनंतर तुमच्यासारखी घरं कागद शोधायला येतात, त्यांना होईल तेवढी मदत करतो. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. ऑफिसातल्या बाबूचं ‘रेकॉर्ड नाही’ हे बहुतेक वेळा खोटं नसतं, पण पूर्णही नसतं. तुम्ही सांगितलेल्या नावाने, त्याने उघडलेल्या वहीत, त्या दिवशी सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाणीतली एकही वही माणसाची आठवण राहावी म्हणून लिहिलेली नव्हती. कोणती पगार वाटायला होती, कोणती कायदा पाळल्याचं दाखवायला, कोणती फंडाचे पैसे कापायला. तुमचे आजोबा यातल्या कोणकोणत्या कामापुरते ‘मोजले’ गेले, हा खरा प्रश्न आहे. आजी तर त्याहून कमी वेळा मोजली गेली असणार.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या बाजूला काढतो. खाण खाजगी मालकाची होती की सरकारी? आजोबा थेट कंपनीच्या हजेरीवर होते की ठेकेदाराच्या? आणि १९७३ मध्ये खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, म्हणजे राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा ते नोकरीत होते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आज तुमच्याकडे नाहीत, आणि ती नसली तरी सुरुवात करता येते. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. १९७८ ला निवृत्त झाले म्हणजे राष्ट्रीयीकरणाच्या वेळी ते बहुधा नोकरीत होते, आणि ही फार चांगली बातमी आहे.

कारण असं. कोकिंग कोळशाच्या, म्हणजे पोलाद बनवायला लागणाऱ्या कोळशाच्या, खाणी १९७२ मध्ये सरकारच्या झाल्या. बाकीच्या खाणींचा कारभार जानेवारी १९७३ च्या अखेरीस ताब्यात घेतला आणि १ मे १९७३ पासून त्यांचंही राष्ट्रीयीकरण झालं. नोव्हेंबर १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि आपल्याकडच्या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे गेल्या. या उलथापालथीत जो माणूस हजेरीवर होता, त्याचं नाव नव्या कंपनीच्या कागदावर यावंच लागलं, आणि कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीतही. १९७८ मध्ये तो निवृत्त झाला म्हणजे कोणीतरी त्याच्या फंडाचा हिशेब मिटवला. म्हणून सुरुवातीपासून शोधू नका. शेवटच्या कागदापासून मागे चालत जा.

शेवटचा कागद म्हणजे फंडाचा. १९४८ च्या कायद्याने कोळसा कामगारांचा वेगळा भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. त्याचं मुख्य कार्यालय धनबादला आहे, नागपूरलाही प्रादेशिक कार्यालय आहे. घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडा. फंडाच्या खात्याचा नंबर असलेली एखादी स्लिप, आजीच्या नावाचं पेन्शनचं पत्र, दवाखान्याचं कार्ड, निवृत्तीच्या वेळचा दाखला, यातलं काहीही चालेल. खातं काढताना कामगाराकडून वारसांची नावं लिहून घेत. तो फॉर्म मिळाला तर आजीचं नाव, मुलांची नावं आणि त्यावेळची वयं एकाच कागदावर मिळतात. मी पाहिलेल्या अशा फॉर्मांत कित्येकदा अशा मुलाचं नाव असतं, जे लहानपणीच गेलं आणि पुढच्या पिढीला ज्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा घरातल्या मोठ्यांसमोर तो कागद उघडताना जरा जपून.

त्याच्या मागे जायचं ते ‘फॉर्म बी’कडे. खाण कायद्याप्रमाणे प्रत्येक खाणीला कामगारांची नोंदवही ठेवावी लागे, तिला सगळे फॉर्म बी रजिस्टर म्हणतात. हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या, कारण याच्यासारखा कागद दुसरा नाही. आडवी मोठी वही असते, कोपरे वाळवीने खाल्लेले. एका ओळीत नाव, बापाचं नाव, वय, कायमचा पत्ता, कामाचा प्रकार, कामावर लागल्याची तारीख आणि शेवटी डाव्या अंगठ्याचा ठसा. पत्त्याच्या रकान्यात गाव, पोस्ट, ठाणं आणि जिल्हा लिहायची पद्धत होती. म्हणजे तुमच्या घरातला बिलासपूर की रायपूर हा वाद एका ओळीत मिटू शकतो. वयाच्या तक्रारी कोर्टात गेल्या की आजही हीच वही मागवतात, म्हणून बऱ्याच खाणींनी ती जपून ठेवलेली असते. खाण बंद झाली असेल तर वह्या क्षेत्रीय कार्यालयात गेलेल्या असतात. तिथल्या कार्मिक विभागात ‘जुने फॉर्म बी कुठल्या खोलीत आहेत’ असं विचारा. ‘आजोबांची माहिती हवी’ असं विचारू नका.

पण वही सापडली म्हणजे सत्य सापडलं असं नाही. तीन ठिकाणी सावध राहा.

पहिलं वय. बहुतेकांकडे जन्माचा दाखला नव्हता. समोर उभ्या माणसाकडे बघून मुन्शी किंवा डॉक्टर आकडा टाकत असे. जन्मतारीख १ जुलै दिसली तर समजा की फक्त वर्षाचा अंदाज होता आणि तारीख कारकुनाने घातली.

दुसरं नाव. वही कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, आणि लिहिणारा भलत्याच भाषेचा. तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी नावं त्याच्या कानाला जशी आली तशी उतरली. आडनावाच्या जागी जात, गाव किंवा नुसतं ‘राम’ जोडलेलं दिसतं. एकाच नावाची चार-पाच माणसं एका पाळीत असत, म्हणून बापाचं नाव आणि हजेरीचा नंबर यांच्यावर भर द्या.

तिसरं जास्त नाजूक आहे. दुसऱ्याच्या नावावर काम करणारी माणसं होती. एखादा गावी गेला, परत आला नाही, त्याच्या नावावर भाऊ किंवा पुतण्या लागला आणि आयुष्यभर त्याच नावाने राहिला. राष्ट्रीयीकरणाच्या तोंडावर याद्यांत नावं घुसवणं आणि खऱ्यांची नावं गाळणं हेही अनेक कोळसा क्षेत्रांत झालं. सरकारी नोकरी दाराशी आली होती, त्यामुळे यात नवल नाही. तुमच्या आजोबांचं घरातलं नाव आणि वहीतलं नाव जुळत नसेल तर लगेच ‘हे ते नव्हेत’ असा निष्कर्ष काढू नका. आत्याला एकटीला विचारा. या गोष्टी घरातल्या बायकांना ठाऊक असतात आणि पुरुष त्या सांगत नाहीत.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. एकट्या माणसाला शोधायला गेलात तर दमाल, त्याची टोळी, म्हणजे ज्यांच्याबरोबर तो खाणीत आला ती माणसं, शोधा. कोळसा खाणीत माणूस सहसा एकटा आला नाही. हे कळायला मागचा इतिहास थोडा बघावा लागेल.

भारतात कोळशाचं खाणकाम बंगालमधल्या राणीगंजला १७७४ मध्ये सुरू झालं, पण खरा जोर आला तो रेल्वेने. १८५५ मध्ये हावड्याहून राणीगंजपर्यंत गाडी पोहोचली, १८९० च्या दशकात धनबादजवळच्या झरियापर्यंत रूळ गेले. रेल्वेला कोळसा लागे आणि कोळशाला रेल्वे. आपल्याकडेही तेच झालं. चांदा जिल्ह्यात कोळसा असल्याचं पक्कं झाल्यावर १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला आणि वरोऱ्याची खाण सरकारने स्वतः चालवली. ती १९०६ मध्ये बंद पडली, आणि त्याच सुमारास बल्लारपूरचं काम पुढे आलं. नंतर घुग्गुस, माजरी, राजूर, चांद्याच्या आसपासच्या खाणी वाढत गेल्या. खाणी वाढल्या तशी माणसांची गरज वाढली. स्थानिक शेतकरी पेरणी-कापणी सोडून बारा महिने जमिनीखाली राहायला तयार नव्हता. यायचा तो हंगाम सोडून. मग मालकांनी बाहेर हात पसरले.

हे हात म्हणजे सरदार आणि ठेकेदार. सरदार आपल्या गावात जायचा, चार पैसे उचल द्यायचा आणि नात्यातली, जातीतली, शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसं घेऊन यायचा. टोळीची हजेरी त्याच्याकडे, कामाची वाटणी त्याच्याकडे, खोल्याही त्याच्या शब्दावर मिळत. कोळसा काढायचं काम कंपनीने ठेकेदाराला टनावर दिलेलं असेल तर कंपनीच्या वहीत कित्येकदा फक्त ठेकेदाराचं नाव आणि टनांचा आकडा सापडतो. खाली उतरणारी माणसं त्या आकड्याच्या आत दडलेली. १९५० च्या दशकातले आजोबा कंपनीच्या कागदात दिसले नाहीत तर याचं कारण बहुधा हेच असेल.

दुसऱ्या महायुद्धात कोळशाची मागणी वाढली, माणसं मात्र लष्करी बांधकामाकडे वळली, कारण तिथे उजेडात काम करून जास्त मजुरी मिळायची. तेव्हा १९४२ पासून गोरखपूरहून सरकारी देखरेखीखाली मजूर पाठवायला सुरुवात झाली. ही माणसं बायकामुलांशिवाय, बराकीत राहायची, करार संपला की परत. तुमच्या घराला हे लागू नाही, कारण आजी सोबत होती. पण खाणीच्या वस्तीत ‘गोरखपुरी कॅम्प’ असं एखादं नाव अजून ऐकू येईल, ते याच काळातलं.

वस्ती टोळीप्रमाणे बसली. एका बाजूला तेलुगू लाईन, म्हणजे खोल्यांची रांग, एका बाजूला बिलासपुरी, पलीकडे उत्तर प्रदेश-बिहारवाले. १९२० च्या दशकाच्या शेवटी काझीपेठ-बल्लारशा मार्ग पूर्ण झाला, त्यानंतर दक्षिणेकडून येणं सोपं झालं. तेलंगणातल्या सिंगरेणीच्या कोळसा खाणींत काम शिकलेली माणसंही त्या बाजूला होतीच. आज क्वार्टर पाडली गेली असतील, नवी कॉलनी झाली असेल, तरी कोणत्या लाईनीत कोणाचं दार कोणाच्या शेजारी होतं हे म्हाताऱ्यांना पाठ असतं. म्हणून तुमचं पहिलं काम हे: आत्याला घेऊन बसा आणि लाईनीचा नकाशा काढा. नळ कुठे होता, संडासं कुठे, किराणा उधार कोण द्यायचं, आणि आपल्या दोन्ही बाजूंना कोण राहायचं. त्या शेजाऱ्यांची नातवंडं शोधा. त्यांच्याकडे गावाचा पत्ता असेल तर तुमचंही गाव बहुधा त्याच ठाण्यातलं.

मी हे पुन्हा पुन्हा घडताना पाहिलं आहे. एका घराला स्वतःचा एकही कागद मिळत नव्हता, पण आजोबांबरोबर एकाच दिवशी कामावर लागलेल्या माणसांच्या ओळी फॉर्म बीमध्ये एकाखाली एक होत्या, सगळ्यांचं ठाणं एकच. त्यातल्या दोघांची घरं अजून गावाकडे जात-येत होती. वहीत तुमच्या आजोबांची ओळ सापडली तर तिच्या वरच्या-खालच्या दहा ओळीही उतरवून घ्या. टोळी तिथेच असते.

घरातल्या सणावारांकडेही नीट बघा. आजी श्रावणात टोपलीत गहू रुजवून भोजली करायची का? मग छत्तीसगढची बाजू पक्की. बतुकम्मा मांडत असेल तर तेलंगण, छठ असेल तर बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेश. माणूस भाषा विसरतो, आडनाव बदलतो, पण लग्नातली गाणी आणि देवाचा नैवेद्य दोन पिढ्या तरी टिकतो. आत्याच्या लग्नात कोणती गाणी म्हटली, हळदीला कोणत्या नात्याची बाई पुढे होती, हे विचारा. सरळ ‘आपण कुठले’ असं विचारलंत तर ती तुम्हाला तेच ‘बिलासपूर की रायपूर’ ऐकवेल.

आता आजी. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि अवघडही.

सुरुवातीच्या काळात कोळसा खाणीत जोडीने काम चालायचं. नवरा कुदळीने कोळसा पाडायचा, बायको टोपलीने उचलून टबात, म्हणजे कोळसा वाहायच्या छोट्या गाडीत, भरायची. मजुरी टबावर. टब नवऱ्याच्या नावावर मोजला जायचा, पैसे त्याच्या हातात पडायचे. बायकोचे कष्ट त्याच टबात असायचे, पण वहीत तिचं नाव वेगळं यायचंच असं नाही. १९२० च्या दशकात देशातल्या कोळसा खाणींत जमिनीखाली काम करणाऱ्यांत जवळजवळ तीनांतली एक बाई होती. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने वर काढायला सुरुवात झाली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस बायकांचं खाली जाणं बंद झालं. कागदावर ही सुधारणाच होती. घरात मात्र जोडीची कमाई एकट्यावर आली, आणि खाली गेलेल्या पुरुषाला टब भरायला दुसरा गडी शोधावा लागला. कष्टाचं काम गेलं याचा आनंद करावा की मजुरी गेली याचं दुःख, हे त्या बायकांना कोणी विचारल्याचं कागदात दिसत नाही.

मग १९४३ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी ही बंदी उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा घातली. बंदी उठवली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर सरकारवर टीका झाली, तिला त्यांनाच उत्तर द्यावं लागलं. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या खाणी बघून आले होते, स्वतः खाली उतरले होते. १९४४ चा कोळसा कामगार कल्याण निधी, खाणीतल्या बायकांसाठी प्रसूतीच्या कायद्यात झालेल्या दुरुस्त्या, पाळणाघरांची सक्ती, हे सगळं याच चार-पाच वर्षांतलं आहे. बंदी उठवणं आणि या तरतुदी दोन्ही एकाच खात्यातून आल्या. त्यातलं एकच उचलून बाबासाहेबांना दोष देणारे किंवा फक्त हार घालणारे, दोघांनीही त्या वर्षांचे कागद वाचलेले नसतात.

तुमच्या आजीच्या बाबतीत याचा उपयोग असा. तिचं जन्मसाल अंदाजे काढा. १९२५ ते १९३० मधला जन्म असेल तर युद्धाच्या वर्षांत ती तरुण होती, आणि ‘खाली जायची’ हे अक्षरशः खरं असू शकतं. जन्म १९३५ च्या नंतरचा असेल तर दोन शक्यता उरतात. एक, आत्या ‘खदानीत’ला सहज ‘खाली’ म्हणते आहे आणि आजी वर काम करायची: कोळशातले दगड निवडणं, वॅगन भरणं, कोळसा वाहणं. वरच्या कामावर बायकांना बंदी नव्हती. दोन, ती आठवण आजीची नसून तिच्या सासूची आहे. अशा घरांत दोन पिढ्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळणं फार नेहमीचं आहे. चोरून खाली नेलं जायचं का? काही ठिकाणी नेलं जायचं, पण कागदाशिवाय तुमच्या आजीबद्दल तसं लिहू नका.

हे ओळखायला आत्याला कामाच्या बारकाव्याचे प्रश्न विचारा. आजीच्या हातात बत्ती असायची का? कुठून घ्यायची, परत कुठे द्यायची? बिल्ला मिळायचा का? कपडे ओले होऊन यायचे का? बत्तीघरातून बत्ती आणि बिल्ला घेऊन जाणारी बाई आणि सायडिंगवर, म्हणजे खाणीच्या रेल्वे रुळांवर, वॅगन भरणारी बाई यांच्या दिवसाचं वर्णन वेगळंच येतं. वर काम करणारी उन्हाबद्दल बोलते. खाली गेलेली छतातून टपकणाऱ्या पाण्याबद्दल बोलते.

तिचे कागद शोधायचे असतील तर दोन आडवाटा आहेत, सहसा कोणाला सुचत नाहीत अशा. एक पाळणाघराची वही. जिथे बायका कामाला होत्या तिथे १९४६ च्या नियमांनी पाळणाघर आलं, आणि पोराच्या हजेरीबरोबर आईचं नाव लिहिलं जायचं. तुमच्या वडिलांचं किंवा आत्याचं नाव तिथे सापडलं, तर आजी त्या खाणीत कामाला होती याचा यापेक्षा पक्का पुरावा दुसरा नाही. दुसरी प्रसूतीच्या रकमेची नोंद. त्यात बाईच्या नावाने पैसे द्यावे लागत, नवऱ्याच्या नाही. दोन्ही वह्या सगळीकडे उरल्या आहेत असं नाही; कल्याण विभागाच्या, दवाखान्याच्या माळ्यावर विचारा, खाणीच्या मुख्य ऑफिसात त्या सहसा नसतात.

आणखी एक. १९७० नंतर यांत्रिकीकरण वाढलं, बायकांची नोकरभरती जवळजवळ थांबली. पुढे कोल इंडियाच्या काही कंपन्यांत बाईने स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि तिच्या जागी घरातल्या पुरुषाला लावायचं, अशी योजनाही आली. तुमचे वडील किंवा काका खाणीत लागले असतील तर त्यांच्या नेमणुकीची फाईल काढा. कोणाच्या जागी लागले ते तिच्यात लिहिलेलं असतं. ते नाव आजीचं निघालं तर नवल वाटून घेऊ नका.

आता माहिती मागायची कशी. वेस्टर्न कोलफिल्ड्स सरकारी कंपनी आहे, तेव्हा माहितीचा अधिकार चालतो. अर्जाची फी १० रुपये. पण अर्ज मोघम लिहिलात तर उत्तरही मोघम येईल. खाणीचं नाव, साधारण वर्षं, कोणत्या नोंदवहीची प्रत, आणि तुम्ही कोण हे स्पष्ट लिहा. ‘अमुक खाणीचे १९७३ ते १९७८ या काळातील फॉर्म बी रजिस्टर, त्यातील अमुक नावाच्या, अमुक बापाचे नाव असलेल्या कामगाराची नोंद’ असं. वारस असल्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडा. वीस वर्षांहून जुन्या माहितीला या कायद्याच्या कलम ८(३) मध्ये बरीच मोकळीक आहे, त्याचा उल्लेख करा. मात्र अर्ज करण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा. अर्ज पडला की बाबू सावध होतो, आणि जी वही त्याने चहा पिता पिता दाखवली असती ती शोधायला तीस दिवस लागतात.

खाणीचं त्यावेळचं नाव आणि मालक कळत नसेल तर १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याची अनुसूची बघा. त्यात ७११ खाणींची यादी आहे: खाणीचं नाव, ठिकाण, मालकाचं नाव-पत्ता आणि द्यायची रक्कम. मालक कळला की जुनी जाहिरात, कोर्टातला खटला, कामगार संघटनेचं पत्रक, यांचा शोध सोपा होतो. ही यादी इंटरनेटवर कायद्याबरोबरच मिळते.

१९५६ च्या आधीचं काही शोधायचं असेल तर लक्षात ठेवा की तेव्हा विदर्भ मध्य प्रांतात, १९५० पासून मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. बल्लारपूर, छिंदवाड्याकडच्या पेंच-कन्हानच्या खाणी, छत्तीसगढ, सगळ्यांचा कारभार एकाच ठिकाणाहून चाले. नागपूरच्या अभिलेखागारात गेलात तर चांदा हे नाव शोधा, चंद्रपूर नाही. धनबादच्या मुख्य खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवालही जुन्या ग्रंथालयांत मिळतात. त्यात जीवघेण्या अपघातांची खाणवार माहिती असते. मेलेल्या कामगाराचं नाव बहुधा नसतं. तारीख, खाण आणि कारण असतं. तुमच्या घरात ‘छत कोसळलं त्या वर्षी’ किंवा ‘पाणी घुसलं तेव्हा’ अशी एखादी आठवण असेल तर तिला वर्ष देण्यासाठी हे अहवाल उपयोगी. पेंचमधल्या न्यूटन चिखलीच्या खाणीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी घुसून साठाहून जास्त माणसं गेली. त्या भागातली म्हातारी माणसं आपल्या लग्नाचं आणि पोरांच्या जन्माचं साल अजून त्या पाण्याच्या आगेमागे सांगतात. कामगारांचं राहणीमान कसं होतं हे बघायचं असेल तर कामगारांची स्थिती तपासणाऱ्या सरकारी रेगे समितीसाठी एस. आर. देशपांडे यांनी केलेला कोळसा खाणींचा १९४६ चा अहवाल वाचा. मजुरी, घरं, पाणी, कर्ज, सगळं त्यात आहे, आणि तो वाचून मगच आत्याशी बोलायला बसा. तुमचे प्रश्नच बदलतील.

कंपन्यांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका मात्र फारशा उपयोगाच्या नाहीत. साहेबांचे फोटो, टनांचे आलेख आणि ‘काळ्या हिऱ्याचे शिलेदार’ छापाच्या कविता, एवढंच. गटफोटो असेल तर तेवढा बघा. मागच्या रांगेतल्या, नावं न दिलेल्या माणसांत कोणीतरी ओळखीचं निघतं.

आत्याला साल विचारू नका. ‘सरकारी व्हायच्या आधी की नंतर’ असं विचारा. खाणीतल्या घरांत काळाचे दोनच भाग असतात, कंपनीचा आणि सरकारी. भोंगा किती वाजता व्हायचा, आठवड्याच्या पगाराचा वार कोणता, त्या दिवशी दारूच्या दुकानापासून घरापर्यंत सावकाराची माणसं कुठे उभी असायची, हे विचारा. आवाज रेकॉर्ड करा, पण कर्जाचं, मारहाणीचं आणि दुसऱ्याच्या नावावरच्या नोकरीचं बोलणं आलं तर यंत्र बंद करायची तयारी ठेवा. पेन्शन कोणाच्या तरी नावावर अजून चालू असते आणि तुमच्या हौसेपायी कोणाच्या घरात चौकशी यायला नको.

फॉर्म बीवरचा पत्ता हाती आला की तो आजच्या नकाशावर थेट शोधू नका. जुना बिलासपूर जिल्हा फुटून जांजगीर-चांपा आणि कोरबा १९९८ मध्ये वेगळे झाले, मुंगेली २०१२ मध्ये. तेलंगणात २०१६ मध्ये आदिलाबाद आणि करीमनगरचे तुकडे झाले. जिल्ह्यापेक्षा ठाण्याचं आणि पोस्टाचं नाव धरा; ती सहसा टिकतात. गाव सापडलं की तिथल्या पंचायतीत आजोबांचं नाव विचारण्याआधी सरदाराचं नाव विचारा. वीस-पंचवीस माणसं घेऊन गेलेला माणूस गावाच्या लक्षात राहतो, त्याच्याबरोबर गेलेला एकेक जण राहतोच असं नाही.